मिरकरवाड्यातला मिस्त्री

सीटचा बोल्ट तुटला तेव्हा क्रांती भगवती किल्ल्याच्या चढावर होती. टक् असा आवाज झाला, सीट मागे कलली आणि ती सायकलसकट कडेच्या गवतात जाऊन टेकली. लागलं काहीच नाही. मागून येणारी इरावती थांबली, तिने सीट हलवून पाहिली आणि म्हणाली, "पंक्चर असतं तर पाच मिनिटांत काढलं असतं. हा बोल्ट कुठून आणायचा आता? त्यात रविवार."

दोघी आदल्या दिवशी पहाटे कोल्हापुरातून निघाल्या होत्या. मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा करत एकशे तीस किलोमीटर सायकल मारून संध्याकाळी रत्नागिरीत पोचल्या. पुढच्या महिन्यात त्यांच्या ग्रुपातल्या बावीसजणी याच रस्त्याने येणार होत्या. त्याआधी रस्ता नजरेखालून घालायचा, शहराच्या आसपास फिरायला कोणत्या वाटा चांगल्या आहेत ते बघायचं, म्हणून या दोघी पुढे आल्या होत्या. इरावती फिजिओथेरपिस्ट, पन्नाशीला टेकलेली, सगळं वहीत टिपून ठेवणारी. पाणी कुठे मिळतं, खडी कुठे पसरलीय, कोणत्या वळणावर कुत्री मागे लागतात, सगळं त्या वहीत. क्रांती तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, कोल्हापुरात एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी, आणि चढावर इरावतीला नेहमी मागे टाकणारी.

रत्नागिरीने मात्र सकाळपासून दोघींचा घाम काढला होता. समुद्राकाठचं गाव म्हणजे सपाट असेल असं वाटतं. इथे बंदरावरून निघालं की लगेच अंगावर येणारा चढ, वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जरा दम खातो न खातो तोच दुसऱ्या बाजूला उतार, आणि उतार संपला की पुन्हा समुद्र. त्यांच्या यादीत सकाळी भगवती किल्ला, मग पांढरा समुद्र नावाचा किनारा, शिरगाव, साखरतरचा पूल आणि शेवटी आरे-वारेचा घाट होता.

चढावरच्या टपरीवाल्याने हात खाली दाखवला. "मिरकरवाड्यात जा. बंदरावर एक मिस्त्री आहे, लाँचींची इंजिनं करतो. रविवारी पण असतो तो. त्याच्याकडे जगातले सगळे बोल्ट आहेत."

क्रांतीने उभ्यानेच सायकल उतारावर सोडली. बंदरात मासळीचा आणि डिझेलचा वास एकत्र भरलेला होता. पत्र्याची शेड लगेच सापडली. आत एक भलंमोठं इंजिन लाकडी ओंडक्यांवर ठेवलेलं होतं आणि त्याच्या पलीकडे कुणीतरी वाकून काम करत होतं. नुसता पान्ह्याचा आवाज येत होता.

"बोल्ट पाहिजे होता सायकलीचा," क्रांती म्हणाली.

"पावणं, दोन मिनिटं थांबा की," आतून आवाज आला. "हात बरबटल्यात."

क्रांतीला हसू आलं. समुद्राच्या काठावर कुणी पावणं म्हणेल असं तिला वाटलं नव्हतं. ती इरावतीकडे वळून म्हणाली, "ताई, ऐकलंत? आपल्याकडचाच दिसतोय." आणि मग मोठ्याने, अगदी गावाकडच्या सुरात, "कुठलं म्हणायचं पावणं तुम्ही? कोल्हापूरचं व्हय?"

पान्ह्याचा आवाज थांबला.

 क्रांतीला वाटलं ऐकू गेलं नसेल. तिने पुन्हा विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात इंजिनामागचा माणूस सावकाश उभा राहिला.

वाढलेली दाढी, आत गेलेले गाल, मानेपर्यंत तेलाचे डाग. डाव्या भुवईतून एक पांढरी रेघ गेलेली. ती रेघ क्रांतीनेच केली होती. ती दहा वर्षांची असताना चिंचा पाडायला तिने मारलेला दगड झाडाखाली उभ्या असलेल्या धाकट्या भावाला लागला होता आणि चार टाके पडले होते.

"आक्का," तो म्हणाला.

क्रांतीने त्याच्याकडे पाहिलं, मग हातातल्या तुटक्या बोल्टकडे. तो पुढे करत ती म्हणाली, "सीटचा बोल्ट तुटलाय."

तिचाच आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. त्याने बोल्ट घेतला. फळीवरचा पत्र्याचा डबा खाली काढला, त्यात बोटं घालून शोधलं, एक काढला, लांबीला लावून पाहिला, परत टाकला. दुसरा काढला. मग सायकलीजवळ गुडघ्यावर बसून त्याने सीट बसवली. पान्हा त्याच्या हातून तीनदा निसटला. क्रांती शेजारी उभी राहून बघत होती, जणू बोल्ट बसतोय की नाही एवढंच बघायला ती तिथे आली होती. 

"क्रांती," इरावतीने तिचा दंड धरला. "काय होतंय तुला? पांढरीफटक पडली आहेस. बस इथे."

"हा माझा भाऊ आहे," क्रांती म्हणाली.

"कोणता भाऊ?"

"अमर. पुरात गेलेला."

इरावतीचा हात तिच्या दंडावर तसाच राहिला. क्रांतीच्या घरी तिचं येणं-जाणं होतं. अमरसिंह गणपतराव हे नाव तिने हार घातलेल्या फोटोखाली वाचलं होतं. २०१९ च्या महापुरात नृसिंहवाडीच्या पलीकडच्या त्यांच्या गावात बाप आणि मुलगा दोघे वाहून गेले होते. गणपतरावांचा, क्रांतीच्या नानांचा, देह तिसऱ्या दिवशी खाली उसाच्या फडात सापडला. मुलाचा सापडलाच नाही. शिरोली एमआयडीसीतल्या एका मशिनशॉपमध्ये टर्नर असलेला अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, त्याच्यासाठी मुली बघणं चालू होतं. क्रांतीची आई बाळाबाई तेव्हापासून लेकीकडे कोल्हापुरात राहत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगत होती. बापाला सोडलं न्हाय माझ्या लेकानं. दोघं संगंच गेली.

"तू मेलायस," क्रांती भावाला म्हणाली. तिला ओरडायचं होतं, पण आवाज आला तो अगदी साधा. "पाच वर्षं झाली तुला मरून. इथं काय करतोयस?"

अमरसिंह उठला नाही. सायकलीच्या चाकाशी तसाच गुडघ्यावर बसून राहिला.

"आई हाय?" त्याने विचारलं.

"हाय."

त्याने डोळे मिटले. मग कुणी न विचारताच तो बोलायला लागला, घाईघाईने, जमिनीकडे बघत.

"नाना म्हशी सोडून याला तयारच न्हवतं. तुला म्हाईत हाय. आईला तुझ्याकडं पोचवलं आन् आमी दोघं राहिलो. पाणी माळ्यापतोर आलं तवा म्हशी सोडल्या. नाव काय येईना. मग म्या दोर बांधला, शेजारच्या स्लॅबवर जायचं म्हणून. मी फुडं, नाना मागं. निम्म्यात गेलो आन् गोठ्याची भिंत पडली. दोर तुटला. नानांनी माझ्या गळ्याला मिठी मारली."

 बाहेर एक लाँच भोंगा वाजवत धक्क्याला लागत होती.

"मी खाली जायाला लागलो, आक्का. नाकात पाणी, तोंडात पाणी. त्येंची मिठी लई घट्ट हुती. म्या त्येंची बोटं उकलली."

"सुटली म्हण," क्रांती म्हणाली. "पाण्याच्या जोरानं सुटली असतील."

"न्हाय. म्या उकलली. एक-एक करून."

इरावतीने तोंडावर हात धरला.  क्रांतीने सायकलीच्या हँडलला धरलं.

"बाभळीत अडकलो. दुसऱ्या दिवशी नाववाल्यांनी काढलं, लांबच्या एका छावणीत नेलं. नाव विचारलं तर सांगताच येईना. तिथंच कानावर आलं, नाना घावलं म्हणून. आन् लोकं म्हणत हुती, बापाला वाचवताना पोरगं बी गेलं. आई बी तसंच म्हणती म्हणून कळालं." त्याने वर पाहिलं. "मग मी कुठल्या तोंडानं परत येणार हुतो? एक मासळीचा ट्रक कोकणात माघारी निघालता. बसलो."

 क्रांतीने सायकल वळवली, सीटवर बसली आणि निघाली. इरावतीने दोन वेळा हाक मारली. मग तीही सायकल घेऊन मागे धावली.

त्यानंतरचा तासभर क्रांतीच्या लक्षात नीट राहिला नाही. पाय फिरत होते. पांढरा समुद्र उजेडात चकाकत बाजूने गेला. शिरगावात कुणीतरी तिला शिवी दिली, कारण ती गाडीच्या आडवी गेली होती. साखरतरच्या पुलावर खाडीचा वारा समोरून आला आणि ती नुसतीच मान खाली घालून पॅडल मारत राहिली. डोक्यात एकच चाललं होतं. नानांच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी होती, कडबा कापताना तुटून जुळलेली. ती आधी उकलली असेल, की शेवटी?

आरेच्या पुढे रस्ता डोंगराच्या अंगाने वर चढतो. ग्रुपातल्या सगळ्याजणी याच चढासाठी इथे येणार होत्या. एका बाजूला लाल माती आणि काजूची झाडं, दुसऱ्या बाजूला खाली थेट समुद्र. वर पोचल्यावर क्रांती थांबली, एक पाय जमिनीवर टेकला आणि खालच्या किनाऱ्याकडे बघत राहिली. लोक तिथे उभं राहून फोटो काढत होते. इरावती धापा टाकत येऊन पोचली.

"ताई," क्रांती म्हणाली, "आपण कुठं आलोय?"

"आरे-वारेला." इरावतीने तिच्या तोंडाशी बाटली धरली. "पी थोडं. तुला रडायचं असेल तर रड, मी आहे."

क्रांतीने पाणी प्यायलं. रडू आलं नाही. तिने खिशातून फोन काढला, आईचं नाव काढलं, त्याच्याकडे बघितलं आणि परत खिशात ठेवला.

"आईला काय सांगू? तो जिवंत आहे एवढंच सांगू, का सगळं सांगू? ती त्या एका गोष्टीवर जगतीय, ताई. लेकानं बापाला सोडलं नाही, ह्यावर."

"आज सगळं ठरवायलाच पाहिजे असं नाही," इरावती म्हणाली. "आधी त्याच्याशी नीट बोल. तो कुठं पळून..."

वाक्य तिथेच तुटलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"मी त्याला तिथं तसाच सोडून आले," क्रांती म्हणाली. "तो पळणार, ताई. पळूनच गेलाय तो एकदा."

परतीच्या उतारावर क्रांतीने ब्रेक लावलेच नाहीत. मिरकरवाड्यात पोचली तेव्हा पत्र्याच्या शेडला कुलूप होतं. इंजिन आत तसंच, अर्धं उघडलेलं. शेजारी जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्याने सांगितलं, "मिस्त्री मघाशीच गेला. पिशवी होती हातात. एस्टी स्टँडकडे रिक्षा केली त्याने. पाच वर्षांत कधी गावाला गेला नाही तो, म्हणून मी विचारलं, कुठं निघालास? बोलला नाही."

बंदरापासून स्टँडपर्यंत चढ आहे. भर दुपार होती, सकाळपासून पाच तास सायकल चाललेली, पोटात काही नाही. क्रांती सीटवरून उठून उभ्याने पॅडल मारत सुटली. रिक्षांच्या मधून, भाजीवाल्यांच्या कडेने, सिग्नलला न थांबता. मांड्या पेटल्यासारख्या झाल्या. स्टँडच्या आवारात तिने सायकल सरळ फलाटापर्यंत नेली आणि तिथेच टाकली. मुंबईची गाडी निघत होती. ती धावत जाऊन दारात चढली, शेवटच्या सीटपर्यंत बघून आली. कंडक्टर ओरडत राहिला. पणजीच्या गाडीत पाहिलं. नव्हता.

मग तिला तो दिसला. टोकाच्या फलाटावर, कोल्हापूर लिहिलेल्या पाटीखालच्या बाकड्यावर बसला होता. गुडघ्यांवर पिशवी. कोल्हापूरची एक गाडी समोरच लागलेली होती.

क्रांती समोर जाऊन उभी राहिली. तिला धाप लागली होती. तिने हात उगारला आणि त्याच्या कानाखाली मारली. फलाटावरची चार माणसं वळून बघायला लागली.

"एक गाडी गेली," अमरसिंह म्हणाला. त्याने गालाला हातसुद्धा लावला नाही. "चढायला जमलं न्हाय. ही दुसरी."

तेव्हा क्रांतीला रडू कोसळलं. ती त्याच्या शेजारी बसली आणि हेल्मेट डोक्यात तसंच ठेवून मोठ्याने रडली. मागून इरावती पोचली होती. तिने पडलेली सायकल उचलून खांबाला टेकवली आणि थोडी लांब उभी राहिली.

"आईला फोन लाव," थोड्या वेळाने अमरसिंह म्हणाला. "पर सगळं मीच सांगणार."

क्रांतीने स्पीकर लावला. बाळाबाईने फोन उचलला. "व्हय गं, जेवलासा का?"

"आई, अमर घावला."

 मग बाळाबाईचा आवाज आला, बारीक झालेला. "कुठं? हाडं वळखू आली व्हय?"

अमरसिंहाने तोंडात मूठ घातली. क्रांती म्हणाली, "आई, जिता हाय. माझ्याजवळ बसलाय."

"कोण बसलंय?"

"आई," अमरसिंह पुढे वाकून म्हणाला, "मी हाय. मी नानांचा हात सोडवला, आई. म्या सोडवला. म्हणून आलो न्हाय."

क्रांतीला वाटलं होतं आई किंचाळेल, रडेल, देवाचं नाव घेईल.  पण फोन कट झाला. क्रांतीने पुन्हा लावला. उचलला नाही. तिने नवऱ्याला, उदयसिंहला फोन करून आईकडे लक्ष ठेवायला सांगितलं. तो म्हणाला, "त्या देवघरापुढं बसल्यात. मला काय बोलंनात. काय झालंय?"

इरावतीने दोन्ही सायकली आणि सामान सांभाळायचं ठरवलं. ती दुसऱ्या दिवशी टेम्पो करून येणार होती. बहीण-भाऊ दोन वाजताच्या गाडीत चढले. चार तासांच्या प्रवासात दोघं जेमतेम दहा वाक्यं बोलले. आंबा घाटात क्रांती खिडकीतून बाहेर बघत होती. काल याच वळणांवर दोघी हसत-ओरडत उतरल्या होत्या. ते खरंच कालच घडलं होतं, यावर तिचा विश्वास बसेना.

दार उदयसिंहने उघडलं. मेव्हण्याला बघून तो दोन पावलं मागे सरकला आणि भिंतीला टेकला. बाळाबाई आतल्या खोलीतून आली. भिंतीवरचा अमरसिंहाचा फोटो तिने उतरवला होता, भिंतीवर नुसता चौकोनी डाग उरला होता. ती मुलासमोर येऊन उभी राहिली. तो पाया पडायला वाकला तर तिने पाय मागे घेतले.

"उभा ऱ्हा," ती म्हणाली. "तोंड बघू दे."

तिने बराच वेळ बघितलं. तिचे ओठ हलत होते.

"तुज्या बापाला म्या सांगितलं हुतं, म्हशींची दावी सोड आन् चल. त्येनी ऐकलं न्हाय. पाण्यात बुडणारं माणूस कुणाचाबी गळा धरतंय. म्या न्हाय का लहानपणी नदीत पाह्यलेलं." तिचा आवाज तोपर्यंत शांत होता. मग तो फाटला. "पर पाच वर्सं! मी तुज्या नावानं रडले पाच वर्सं. एक फोन न्हाय? मेलेल्या माणसाची आई कशी जगती, कदी मनात आलं न्हाय तुज्या?"

 बाळाबाई आत गेली आणि दार लावून घेतलं.

नंतरचे दहा-बारा दिवस ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. त्याचं ताट वाढून ठेवायची, तो जेवला का ते क्रांतीला विचारायची, पण त्याच्याकडे बघायची नाही. तो बाहेरच्या खोलीत चटईवर झोपायचा. एकदा क्रांतीने सुचवलं, काही दिवस तो शिरोलीत जुन्या मित्राकडे राहू दे. बाळाबाई म्हणाली, "कुटं जायाचं न्हाय त्यानं."

पौर्णिमेला तिने स्वतःच फर्मान काढलं की सगळ्यांनी वाडीला जायचं. पुरानंतर अमरसिंहाचं क्रियाकर्म नृसिंहवाडीच्या घाटावर दर्भाचा पुतळा करून उरकलं होतं, आणि तो जिवंत निघाल्यावर पुढे काय करायचं हे गुरुजींना विचारणं तिला भाग वाटत होतं. गुरुजींनी अमरसिंहाकडे पाहिलं आणि हातातलं पंचपात्र खाली ठेवलं. मग ते म्हणाले, शास्त्राप्रमाणे त्याला नव्याने जन्मल्यासारखे सगळे संस्कार करावे लागतील. तुपाने अंघोळ, आईच्या मांडीवर घेणं, बारसं, सगळं पहिल्यापासून.

बाळाबाईने त्यांच्याकडे आ वासून बघितलं. मग तिच्या तोंडून एक हसण्यासारखा आवाज निघाला, क्रांतीने तो कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"मला न्हाय जमायचं, म्हाराज. ह्याला एकदा जन्म दिलाय, तेवढा बास."

ती पदर डोक्यावर ओढून उठली आणि नदीकडे पायऱ्या उतरायला लागली. अमरसिंह दोन पावलं मागे राहून तिच्यामागे निघाला, अनवाणी. दुपारचं ऊन घाटाच्या दगडांवर पडलेलं होतं. पाचव्या-सहाव्या पायरीवर बाळाबाई थांबली. मागे वळून बघितलं नाही.

"पायात घाल जा काय तर," ती म्हणाली. "दगडं तापल्यात."